आकाशातल्या रेघा

(स्त्री-गटांच्या कार्यशाळेत केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मला दिलेला विषय होता 'लक्ष्मणरेषा ओलांडताना'. फोनवर मी हो म्हटलं आणि मग घाबरले. मी काही कार्यकर्ती नाही. मूळची सांगलीची, बी.कॉम. झालेली. लग्न होऊन १९९७ साली अमेरिकेत गेले. मेरीलँड राज्यात एका शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी, पैसे साठले असतील तर, क्लबचं चार आसनी विमान भाड्याने घेऊन उडवते. म्हणजे रेषा ओलांडण्यापेक्षा रेषा न ओलांडण्याचाच माझा अनुभव मोठा. आमच्याकडे रेषा ओलांडली तर शेजारी लढाऊ विमान येतं. हसू नका, खरंच येतं. म्हणून मी ठरवलं, आपल्याला माहीत असलेल्या रेषांबद्दलच बोलावं.

पहिली सात-आठ वर्षं मी तिथे 'डिपेंडंट' होते. व्हिसाच्या कागदावर तसंच लिहिलेलं असायचं. नवऱ्याला नोकरी, मला नोकरी करायची मनाई. (तो नियम २०१५ मध्ये काही जणींपुरता सैल झाला, तोवर माझ्यासारख्या कितीजणींची शिकलेली वर्षं वाया गेली.) उडायला शिकले सत्तेचाळिसाव्या वर्षी, मुलगा कॉलेजला गेल्यावर. चौकशीला गेले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, 'मिस्टर शिकणार आहेत का?' मिस्टर गाडीत बसून पेपर वाचत होते. त्यांना उंचीची भीती वाटते. आजही अमेरिकेत, शिकाऊ सोडले, तर शंभर वैमानिकांत दहासुद्धा बायका नाहीत. आपल्याकडे विमान कंपन्यांत हे प्रमाण पंधराच्या आसपास आहे, त्यांच्यापेक्षा बरंच चांगलं. सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली फक्त बायकांचा चमू घेऊन इंडियन एअरलाइन्सचं विमान नेलं, ते मी कॉलेजात असताना पेपरात वाचलं होतं. पण ते नोकरीतलं उडणं. स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या पैशाने बाईने उडणं लोकांना अजून पचत नाही, तिथेही आणि इथेही.

आता रेषांकडे येते. खालून पाहिलं तर आकाश मोकळं दिसतं. ते तसं नाही. व्हाइट हाउस आणि संसदेच्या इमारतीवर 'पी-५६' नावाचं क्षेत्र आहे, जमिनीपासून अठरा हजार फुटांपर्यंत. पी म्हणजे संपूर्ण मनाई. राष्ट्राध्यक्षांच्या सुट्टीच्या जागेवर, कॅम्प डेव्हिडवर, 'पी-४०' आहे. आर अक्षराची क्षेत्रं असतात, तिथे तोफांचा किंवा क्षेपणास्त्रांचा सराव चालतो. सराव नसेल तेव्हा विचारून जाता येतं. आणि सगळ्या वॉशिंग्टन शहराभोवती तीस नॉटिकल मैल त्रिज्येचं आणखी एक मोठं क्षेत्र आहे. त्यात शिरायचं तर आधी योजना नोंदवायची, ठरवून दिलेला सांकेतिक आकडा विमानातून पाठवत राहायचा आणि नियंत्रकाशी बोलत राहायचं.

याशिवाय तात्पुरती वर्तुळं. राष्ट्राध्यक्ष एखाद्या गावी सभेला गेले की त्यांच्याबरोबर वर्तुळही जातं, बहुतेक वेळा आतलं दहा मैलांचं आणि बाहेरचं तीसचं. जंगलात वणवा लागला, की वर्तुळ. मोठ्या स्टेडियमात सामना असला, की वर्तुळ. ही वर्तुळं सूचनांच्या रूपात निघतात, त्यांना 'नोटॅम' म्हणतात. ती भाषा एकदा पाहाच. सगळी मोठी अक्षरं, अर्धवट शब्द, अक्षांश-रेखांशांचे आकडे, आणि वेळ ग्रिनिचची. कोर्टाचं समन्स बरं.

पूर्वी वैमानिक कागदी नकाशावर पट्टीने रेघ मारायचे आणि या सूचना फोनवर ऐकून पेन्सिलीने वर्तुळं काढायचे. मीही सुरुवातीला तसंच शिकले. आता टॅब्लेटवर ॲप असतं. फोरफ्लाइट हे तिथलं सगळ्यात चालणारं, युरोपात स्कायडेमन, फुकट हवं तर आव्हारे. कुठून कुठे जायचं ते घातलं, की जांभळट गुलाबी रेघ उमटते. सरकार दर अठ्ठावीस दिवसांनी हवाई क्षेत्रांची माहिती नव्याने देतं, ती ॲपमध्ये उतरवून घ्यायची. सूचनेतले ते अक्षांश-रेखांश वाचून ॲप त्यांचं लाल वर्तुळ करतं. रेघ वर्तुळाला शिवली की इशारा देतं. रेघ बोटाने धरून बाजूला ओढली, की वळसा तयार, आणि वळशाने पेट्रोल किती जास्त लागेल तेही लगेच दिसतं. आणखी एक चित्र असतं, ते मला फार आवडतं: वाटेचा आडवा छेद. कलिंगड कापल्यासारखा. त्यात दिसतं, की हे क्षेत्र पाच हजार फुटांपर्यंतच आहे, म्हणजे वरून जाता येईल. त्या दुसऱ्याचा तळच तीन हजारांवर आहे, म्हणजे खालून. नुसत्या सपाट नकाशावर जी भिंत वाटते तिला वर-खाली वाट असते.

तुम्ही मला लक्ष्मणरेषेवर बोलायला सांगितलंत, तर फरक सांगते. नकाशावरच्या त्या प्रत्येक लाल वर्तुळावर बोट ठेवलं, की एक चौकट उघडते. तिच्यात नाव असतं, क्रमांक असतो, त्रिज्या, खालची उंची, वरची उंची, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि कोणाच्या अखत्यारीत. भांडायचं असेल तर कोणाशी भांडायचं ते ठाऊक असतं, आणि तिथले वैमानिक भांडतातही, त्यांच्या संघटना आहेत. माझ्या माहेरी 'सातच्या आत घरात' होतं. ते सात कोणी ठरवले? कधीपर्यंत? भावाला का नाही? बोट ठेवायला जागाच नव्हती. आईला विचारलं तर ती म्हणायची, लोक काय म्हणतील. लोकांचा फोन नंबर कोणाकडेच नव्हता.

पण सगळ्या बंधनांना एकाच मापाने मोजायला मी तयार नाही. आपल्या बैठकांत कधी कधी तसं होतं, म्हणून स्पष्ट बोलते. वणव्यावरचं वर्तुळ मला मान्य आहे. तिथे पाणी टाकणारी विमानं खालून जात असतात. स्टेडियमवरचं वर्तुळ मला अजून पटलेलं नाही. रेघ बंधन आहे की सोय, हे प्रत्येक रेघेपाशी थांबून पाहावं लागतं.

ॲप नव्हतं तेव्हा काय होत असे, याची एक हकिकत सांगते. जेरी मॉक. विमानाने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली बाई, १९६४ साली. ओहायो राज्यातल्या कोलंबस गावची, अडतीस वर्षांची, तीन मुलांची आई. पेपरांनी तिला 'उडती गृहिणी' केलं. एकोणतीस दिवस लागले तिला, वाटेत ती कराची, दिल्ली, कलकत्त्यालाही उतरली. तर त्रिपोलीहून कैरोला येताना रात्री तिला धावपट्टीचे दिवे दिसले, उतरली, आणि भोवती सैनिक. ते कैरो नव्हतंच, इजिप्तचा इन्शासचा लष्करी तळ होता. चौकशी झाली, मग सोडून दिलं, आणि ती कैरोला गेली. पुढचा मुक्काम सौदी अरेबियात, धाहरानला. तिथे बाईला गाडीही चालवता येत नसे, ती परवानगी २०१८ मध्ये मिळाली. ती विमानातून उतरली तरी लोक खोळंबून उभे. शेवटी एकाने आत डोकावून पाहिलं आणि बाकीच्यांना सांगितलं, आत पुरुष नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लष्कराच्या तळावर चुकून उतरलेल्या विमानापेक्षा हे जास्त नवलाचं!

आणि आता माझी हकिकत. ही मी आजवर तिघींनाच सांगितली आहे.

नणंद सांगलीहून आली होती. वन्सं माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. घरात सगळे नको नको म्हणत असताना त्या म्हणाल्या, 'मी बसणार वहिनीच्या विमानात.' त्यांना गेटिसबर्गची रणभूमी वरून दाखवायची ठरली. आमचं मैदान लहान, टॉवर नाही. आदल्या रात्री मी सगळी तयारी केली, टॅब्लेटवर ताजी माहिती उतरवली. रेघ कॅम्प डेव्हिडच्या तीन मैलांच्या वर्तुळापासून चांगली लांबून जात होती. सकाळी निघताना पुन्हा एकदा ताजी माहिती घ्यायची असते. नियमच आहे. पण वन्सं स्वेटर विसरल्या, तो आणायला घरी परत गेलो, उशीर झाला, ऊन चढायच्या आत निघायचं होतं. मी ते केलं नाही. स्वेटरवर ढकलत नाही. मी केलं नाही.

रात्रीत कॅम्प डेव्हिडला राष्ट्राध्यक्ष यायचं ठरलं होतं. ते असले की ते वर्तुळ फुगतं. विमान वर चढल्यावर हवेतून येणारी माहिती टॅब्लेटला मिळू लागली आणि माझ्या समोर, माझ्याच रेघेवर, लाल वर्तुळ उमटलं. त्याची कड विमानाच्या चित्राला टेकलेली. मी लगेच उजवीकडे वळले, रेडिओवर नियंत्रकाला गाठलं. त्याने दिशा दिली, उतरल्यावर एका नंबरवर फोन करायला सांगितलं. आवाज शांत होता. माझे हात शांत नव्हते. वन्सं खिडकीतून म्हणत होत्या, 'किती छान शेतं आहेत गं.'

मला सारखी २००५ सालची गोष्ट आठवत होती. त्या मे महिन्यात दोघे वैमानिक एका छोट्या सेसनातून रस्ता चुकून व्हाइट हाउसपासून तीनेक मैलांवर पोचले. संसद रिकामी केली, हजारो लोक रस्त्यावर पळाले, लढाऊ विमानं गेली. परवाना असलेल्याचा परवाना गेला.

मी अर्धा मैल आत शिरले होते. लढाऊ विमान आलं नाही. मला त्याहून मोठी भीती घरची होती. 'सांगितलं होतं तुला', 'या वयात', 'वन्संचा जीव धोक्यात घातलास'. चूक पुरुषाने केली तर ती त्याची चूक असते, मी केली तर ती सगळ्या बायकांची होणार होती, आणि काउंटरवरच्या त्या गृहस्थांचीही खात्री पटणार होती. म्हणून मी घरी काही बोलले नाही. तीन रात्री झोप नव्हती.

चौथ्या दिवशी क्लबमधल्या एका बाईला सांगितलं. सत्तरीच्या आहेत त्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: 'नासाचा फॉर्म भरलास?' अमेरिकेत १९७६ पासून अशी सोय आहे की झालेली चूक दहा दिवसांच्या आत नासाकडे लिहून पाठवायची. नासा दंड करणारं खातं नाही. तिथे नाव काढून टाकतात आणि चुकीचा अभ्यास करतात. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि गुन्हा वा अपघात नसेल, तर फॉर्म वेळेत भरणाऱ्याला पुढे दोष लागला तरी सहसा परवाना जात नाही. ज्यांच्या हातात शिक्षा आहे त्यांच्याकडे नाही, दुसऱ्यांकडे सांगायचं. मी त्या रात्री लिहून पाठवलं, स्वेटरसकट. पुढे खात्याकडून फोन आला, शिक्षकाबरोबर काही तास पुन्हा करायला लागले, तेवढ्यावर निभावलं. आपल्या गटांत, संस्थांत, कार्यकर्तीची चूक झाली तर ती कुठे सांगते? मला खरंच माहीत नाही, तुम्ही सांगा. मी तरी जिथे काम केलं तिथे अशी जागा पाहिली नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या कामाची म्हणून मुद्दाम सांगते. जी यंत्रणा मला वर्तुळ दाखवते तीच मला इतरांना दाखवते. गर्दीच्या हवाई भागांत २०२० पासून विमानाने आपली जागा प्रसारित करणं सक्तीचं आहे, आणि ती माहिती घरबसल्या कोणीही पाहू शकतं. वैमानिकांची सरकारी यादीही उघडी. आपण नको म्हणून कळवलं नाही, तर घरचा पत्ता तिच्यात दिसतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून निघून आलेल्या बाईने काय करायचं? विमानाच्या मालकाचं नाव-पत्ता झाकून मागायची सोय २०२५ मध्ये आली. क्लबच्या विमानाला तो प्रश्न येत नाही, पण पत्ता झाकायला मी क्लबमधल्या चौघींना अर्ज भरून दिला. इकडे नवरे फोनवर 'लोकेशन चालू ठेव' म्हणतात, काळजीपोटी. तीच जात.

आणि हे फक्त तिकडचं नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तुमच्यातल्या काही जणींच्या गटांनी अर्ज केले असतील. ऐंशी टक्के अनुदान, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. ड्रोनसाठी देशाचा नकाशा २०२१ पासून आहे: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या जवळ पिवळा. लालमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय नाही. तो नकाशा उघडून स्वतः बघायला शिका, प्रत्येक वेळी उडवायच्या आधी, आणि तो दिराच्या फोनवर नको, तुमच्या फोनवर पाहिजे.

वन्संना मी यंदा सांगितलं, सगळं. त्या म्हणाल्या, 'मला तेव्हाच कळलं होतं काहीतरी झालंय, तू गप्प झालीस. म्हणून मी शेतांबद्दल बोलत राहिले.' पुढच्या खेपेला टॅब्लेट त्यांच्या मांडीवर राहणार आहे, असं त्यांनीच जाहीर केलंय.

तो कागदी नकाशा मी आणलाय, टेबलावर ठेवते. वॉशिंग्टनचा आहे, एकास पाच लाख. निळ्या दातेरी कडा म्हणजे मनाई. हाताळा, घड्या मोडल्या तरी चालेल. त्याची मुदत संपलेली आहे, उडायला वापरता येत नाही.