पट्टी थोडी खाली घ्या



गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून सोलापुरात आलेल्या आपणा गायक-वादकांत सकाळपासून ताल, सूर, माईक यांवर पुष्कळ चर्चा झाली. चहाच्या वेळी मात्र काही जणांनी मला बाजूला घेऊन वेगळेच विचारले, ''ताई, उपासना चालवायला उभे राहिले की हातपाय गार पडतात. काय करायचे?'' मी त्याबद्दलच बोलणार आहे.

मे महिन्यातला एक रविवार मला अजून आठवतो. दुसरे गीत रंगात आले आणि वीज गेली. पडद्यावरचे शब्द गेले, की-बोर्ड मुका झाला, आणि पुढचे कडवे मला काही केल्या आठवेना. घशाला कोरड पडली. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका आजींनी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे भजन उचलले. ढोलकीवाल्या मुलाने ठेका धरला, आणि बघता बघता सगळे मंदिर गाऊ लागले. मी नुसती टाळ्या वाजवत उभी होते.

घरी जाताना उमगले, की इतकी वर्षे मी दर रविवारी गाण्याची परीक्षा देत होते. मंडळी परीक्षक म्हणून येतच नव्हती, ती स्वतः गायला येत होती.

आजींनी ज्यांचे भजन उचलले, त्या टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्याआधी आपल्या मंदिरांत विलायती चालींवरची भाषांतरित गीते पुष्कळ होती. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणले. जात्यावर बसणाऱ्या बाईला जे वळण पाठ होते, त्याच वळणाने तिला प्रार्थना दिली. त्याही आधी नगरकडे कृष्णरत्न सांगळे यांनी कीर्तनातून ख्रिस्तकथा उभी केली होती. कीर्तनात एकाच गळ्यावर भार नसतो. बुवांचा श्वास संपतो तिथे टाळकरी ओळ उचलतात. ही आपली घडी. आपण ती सोडून एकट्याने माईक धरला, म्हणून भीतीही एकट्याच्या वाट्याला आली, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा पट्टी स्वतःच्या गळ्याची धरू नका, दोन सूर खाली घ्या. मागच्या बाकावरच्या काकांना धृपद म्हणता आले पाहिजे. नवे गीत एकच ठेवा, बाकीची पाठ असलेली. चुकलात तर थांबून माफी मागत बसू नका, धृपदावर या. आपल्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुले मराठी उच्चारांना बिचकतात. त्यांच्याकडून शब्द आधी मोठ्याने वाचून घ्या, मग चाल शिकवा.

एक भीती मात्र मला घालवावीशी वाटत नाही. आठवडाभर घरात भांडलो, कुणाशी अबोला धरला, आता कोणत्या तोंडाने गाऊ, असे ज्याला वाटते त्याच्याविषयी मला आदर आहे. बायबलमधल्या मोशेनेही आपण जड जिभेचे आहोत म्हणून पाय मागे घेतला होता. देवाने त्याचे पाठवणे रद्द केले नाही, सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला. ही भीती मनात असली तर गुडघे टेका, जमले तर शनिवारी रात्रीच तो अबोला सोडा, आणि मग उभे राहा.

भीती वाटली, की मला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लोकांपुढे कीर्तनाला उभ्या राहिल्या. 1933 साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. आज या जागेवर उभी राहताना माझेही पाय कापले, तेव्हा मी त्यांची आठवण काढली.

शेवटी मंडळीतल्या वडीलजनांना एक विनंती. नवशिक्या मुलाचा सूर चुकला, तर मंदिराच्या दारात चारचौघांत सांगू नका. त्या बोलण्याने गाणे कायमचे सोडलेली माणसे मी पाहिली आहेत. संध्याकाळी घरी बोलवा, पेटी काढा, ती ओळ त्याच्याबरोबर चार वेळा म्हणा. आणि येत्या रविवारी, मागे उभी राहून ओठ हलवणाऱ्या एखाद्या मुलीला पुढे बोलावून एक कडवे द्या. धृपद आपण सगळे मिळून म्हणू.