हात आधी, तुंबडी मागून

देवबाग-तारकर्लीच्या वाळूत रापण ओढली जात असते, तेव्हा आलेले पर्यटक जाळ्यात काय सापडलं ते पाहायला पुढे धावतात. मी ओढणाऱ्यांच्या पाठी पाहत असतो. होडीने समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडलेलं असतं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आलेले असतात आणि तिथून पुढचा सगळा भार माणसांच्या अंगावर. टाचा वाळूत रोवायच्या, अंग मागे टाकायचं, एकेक पाऊल मागे सरायचं. मासळीचा वाटा सगळ्यांना मिळतो. पाठीचं दुखणं मात्र ज्याचं त्याने घरी न्यायचं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे रापणकर येतात, जुलैत लावणी करून वाकलेल्या बाया येतात, काजूच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या मुली येतात, चिरेखाणीवरचे कामगार येतात, माडावर चढणारे पाडेली येतात. अलीकडे स्कूबा डायव्हिंगवर काम करणारी मुलंही येतात. ती चौदा-पंधरा किलोचे सिलिंडर दिवसभर होडीत चढवतात आणि उतरवतात. "पाठ भरान इली," एवढं सांगून झालं की हल्ली पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "ते गोल कप लावतत ना, ते माका लावा."

हे कप मोबाईलवर सगळ्यांनी पाहिलेले आहेत. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स पाण्यात उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यांवर जांभळे गोल डाग होते. त्या डागांची चर्चा जगभर झाली. त्यानंतर शहरांतल्या मसाज सेंटरांत आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांतही मालीशच्या जोडीला कपिंग आलं. हातपंपाचे प्लास्टिकचे कप तर आता कुणीही घरबसल्या मागवू शकतो. म्हणूनच आज या विषयावर बोलावंसं वाटलं.

हा उपचार आपल्याला नवा नाही. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात रक्त काढण्याची तीन साधनं सांगितली आहेत : शिंग, जळू आणि भोपळा. वाताने बिघडलेल्या रक्ताला गाईचं शिंग, पित्ताला जळू आणि कफाला कडू भोपळ्याची तुंबडी. भोपळ्याच्या आत दिवा पेटवून तो त्वचेवर लावायचा, अशी ती रीत. आजचा काचेचा कप याच तत्त्वावर चालतो. आपल्याकडे गावोगाव फिरणारे वैदू तुंबड्या लावत. शिंगाच्या टोकाच्या भोकातून तोंडाने हवा ओढायची आणि भोक बुजवून टाकायचं. आणि ज्यांचं वय आज साठीपुढे आहे, त्यांतल्या पुष्कळांनी घरातलाही एक प्रकार पाहिला असेल. पाठीत उसण भरली की पालथं झोपवायचं, दुखऱ्या जागी कणकेचा लहान दिवा ठेवून पेटवायचा आणि त्यावर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझतो, तांब्या पाठीला घट्ट चिकटतो. थोड्या वेळाने सोडवला की माणूस म्हणतो, बरं वाटतंय.

बाहेरच्या जगातही हे सगळीकडे होतं. ग्रीकांकडे होतं, चीनमध्ये होतं, युनानी वैद्यकात आजही आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या मुसलमान कुटुंबांत हिजामा म्हणून ते माहीत आहे. युरोपातल्या रुग्णालयांतही विसावं शतक सुरू होऊन बरीच वर्षं होईपर्यंत ते चालू होतं. लेखक जॉर्ज ऑर्वेल 1929 मध्ये पॅरिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा त्याला कप लावले गेले. त्या अनुभवावर पुढे त्याने एक अस्वस्थ करणारा लेख लिहिला.

आता कप नेमकं करतो काय, ते पाहू. मालीश करताना हात दाबतो. त्वचा, तिच्याखालचा चरबीचा थर, स्नायूवरचं आवरण आणि स्नायू हे सगळं हाडाच्या दिशेने दाबलं जातं. कप याच्या उलट करतो. आतली हवा कमी झाली की त्वचा आणि तिच्याखालचे थर वर उचलले जातात. तिथे रक्त धावतं, जागा गरम होते. ओढ जोराची असली तर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि ते रक्त त्वचेखाली पसरतं. जांभळा डाग म्हणतात तो हाच. मुका मार लागल्यावर अंग काळं-निळं पडतं, तसाच तो. काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत जातो.

"शरीरातलं विष बाहेर आलं, बघा किती काळं पडलंय," असं सांगणारे लोक मला भेटतात. श्रोतेहो, डागातून विष बाहेर येत नाही. नको असलेली द्रव्यं बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. डाग किती गडद येणार, हे ओढ किती होती, कप किती वेळ ठेवला आणि त्या माणसाची त्वचा कशी आहे यावर ठरतं. जास्त काळा डाग म्हणजे जास्त गुण, अशी समजूत झाली की रुग्ण स्वतःच "आणखी जोरात ओढा" म्हणू लागतो. तिथे उपचार संपतो आणि इजा सुरू होते.

मग मी कप का वापरतो? काही पाठी अशा असतात की त्यांच्यावर दाब सहन होत नाही. खोल मालीशला सुरुवात केली की माणूस अंग आखडून घेतो, आणि आखडलेल्या स्नायूवर जितका जोर लावाल तितका तो घट्ट होतो. अशा ठिकाणी हलका कप उपयोगी पडतो. तेल लावलेल्या पाठीवर हलकी ओढ ठेवून कप कण्याच्या बाजूने सावकाश सरकवला, तर दाब न देताही तो भाग सैल व्हायला मदत होते. माझ्या अनुभवात लावणी करून आलेल्या बायकांना हा सरकता कप एका जागी लावून ठेवलेल्या कपापेक्षा जास्त मानवतो.

पण त्याआधी हात फिरला पाहिजे. हे मी आग्रहाने सांगतो, आणि यासाठी मला आपल्या घरांतल्या एका बाईची आठवण करून द्यायची आहे. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला येणारी ती बाई. तिच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नसतं. पण कोमट खोबरेल घेऊन तिचे तळवे पाठीवर फिरले की कुठे गाठ आहे, कुठे दुखतंय, कुठे बाळंतीण दचकते आहे, हे तिला विचारावं लागत नाही. हाताला ऊब कळते, सूज कळते, थरथर कळते. डावी बाजू उजवीपेक्षा कडक आहे हे कळतं. कपाला यातलं काहीच कळत नाही. तो जिथे ठेवाल तिथे ओढतो. खाली ताठरलेला स्नायू आहे, की गळू होऊ पाहतंय, की मोडलेली बरगडी आहे, याने त्याला काही फरक पडत नाही. म्हणून माझ्याकडे आधी पंधरा-वीस मिनिटं हाताने मालीश होतं, आणि कप लावायचा की नाही ते त्यात ठरतं. पुष्कळदा नाही असंच ठरतं.

लावायचा ठरला तर हातपंपाचा कप, विस्तव नाही. तेल लावलेल्या अंगाजवळ स्पिरिटचा बोळा पेटवणं मला मुळीच मान्य नाही. कपिंगमध्ये भाजल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पहिल्या वेळी एक-दोनच कप, ओढ हलकी, वेळ पाच मिनिटांच्या आत. काढताना झडप उघडून आत हवा सोडायची, खेचून काढायचा नाही. मग लगेच अंग हलवायचं. वाकणं, वळणं, खांदे फिरवणं. दुखणं थोडं हलकं झालेलं असतं, त्या वेळात व्यायाम शिकवून घेतला तर माणूस तो घरी करतो. रापणकराची पाठ वर्षभर तगते ती या व्यायामावर आणि दोर धरताना कमरेऐवजी पायांनी जोर घेण्याच्या सवयीवर. कप या सगळ्याला सुरुवात करून देतो, एवढंच त्याचं काम.

संशोधन काय म्हणतं, तेही सांगायला हवं. जर्मनीतल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेचं जुनं दुखणं असलेली 61 माणसं होती. निम्म्यांना घरच्या माणसाकडून कपने मालीश करून घ्यायला शिकवलं, बाकीच्यांना स्नायू एकेक करून ताणून सैल सोडण्याचा व्यायाम दिला. बारा आठवड्यांनी दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं होतं. कपवाल्यांना एकूण बरं वाटण्यात आणि दाबल्यावर कमी दुखण्यात थोडा अधिक फायदा दिसला. ब्राझीलमधल्या 2021 च्या अभ्यासात कंबरदुखीची 90 माणसं घेतली. काहींना खरा कप लावला, काहींना बारीक भोक असलेला, म्हणजे लावल्यावर ओढ नाहीशी होणारा. आठ आठवडे हे केल्यावर खरा कप खोट्यापेक्षा सरस ठरला नाही. याचा अर्थ मी असा घेतो : कप एकटा लावून कंबर बरी होईल असं आश्वासन कुणी देत असेल, तर त्याला पुराव्याचा आधार नाही. चांगल्या मालीशच्या आणि व्यायामाच्या जोडीला, ज्याला तो मानवतो त्याला, जपून वापरायला हरकत नाही. माझी मर्यादा एवढीच आहे आणि ती मी रुग्णाला आधी सांगतो.

माझं काम आणि संशोधन यांविषयी मी बोललो ते कोरड्या कपाबद्दल, म्हणजे त्वचा न कापता लावलेल्या. त्वचेला चिरा देऊन रक्त काढण्याचा प्रकार वेगळा आहे. आयुर्वेदात ते रक्तमोक्षण, युनानीत हिजामा. त्या त्या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या वैद्याने किंवा हकिमाने, निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या साधनांनी करायचं ते काम आहे. घरी नाही, मसाज सेंटरमध्ये नाही, जत्रेत नाही. एकाच्या रक्ताचा कप दुसऱ्याला लागला तर हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका असतो. आपल्या जिल्ह्यात चिरा टाळायला आणखी एक कारण आहे, लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून हे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांना आरोग्य विभाग डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतो, त्या याचसाठी. ज्याला दुसऱ्या दिवशी चिखलात लावणीला उतरायचं आहे, त्याने अंगावर ताज्या चिरा पाडून घेणं म्हणजे त्या रोगाला दार उघडून देणं. ताप, अंगदुखी आणि पोटऱ्या ठणकत असतील तर ते कामाचं दुखणं समजून मालीश करत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

स्कूबाच्या मुलांनाही मला वेगळं सांगायचं आहे. डायव्ह करून वर आल्यावर काही तासांत खांदा किंवा कोपर खोल आतून दुखू लागलं, मुंग्या आल्या, चक्कर आली, तर तो सिलिंडर उचलल्याचा ताण असेलच असं नाही. दाब झपाट्याने कमी झाल्यामुळे रक्तात आणि सांध्यांत नायट्रोजनचे बुडबुडे झाल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा वेळी मालीश किंवा कप यांत वेळ गेला तर लक्षणं झाकली जातात आणि उपचाराला उशीर होतो. आधी ऑक्सिजन आणि डॉक्टर.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कप लावून घेऊ नये. हृदयरोगाच्या अनेक रुग्णांना या गोळ्या चालू असतात आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पोटऱ्यांवर फुगलेल्या शिरा असतील, पायाला एकाएकी सूज आली असेल, मधुमेहामुळे त्वचा बधिर झाली असेल, तर तिथे कप नको. गरोदरपणात पोटावर आणि कमरेवर नको. म्हाताऱ्या माणसांची त्वचा पातळ झालेली असते, त्यांना हात पुरेसा आहे. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा सुटला, तर थेट रुग्णालय. आणि डाव्या खांद्याचं दुखणं घामाबरोबर आणि छातीतल्या दडपणाबरोबर आलं असेल, तर तेल हातात घेऊसुद्धा नका, गाडी बोलवा.

शेवटी, घरी ज्यांनी हे कप आधीच आणून ठेवलेत त्यांच्यासाठी. कण्याच्या मणक्यांवर, मानेच्या पुढच्या भागावर, तीळ-चामखिळींवर, भाजलेल्या किंवा खरचटलेल्या जागी ते लावू नका. प्रत्येक वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन, निर्जंतुक करून, वाळवून ठेवा. कप लावल्यावर दुखलं तर तो लगेच काढा, सोसत बसू नका. त्या दिवशी उन्हात आणि खाऱ्या पाण्यात जाणं टाळा. आणि आधीचा डाग पूर्ण गेल्याशिवाय त्याच जागी दुसऱ्यांदा कप लावू नका. तोपर्यंत घरात कुणाला तरी थोडं खोबरेल कोमट करून पाठीवरून हात फिरवायला सांगा.