वाघाचा उपास

चांदूर रेल्वेहून गाडीत बसलं की पुलगाव, वर्धा करत नागपूर. तिथं भोसल्यांच्या काळातली महाराजबाग आहे. गंमत म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालय चालवतं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ! म्हणजे कारभार वऱ्हाडाचाच.

जनावरं कोंडून दाखवणं एवढाच प्राणिसंग्रहालयांचा उद्देश असता, तर ती बंद केलेलीच बरी. पण मंगोलियातल्या रानघोड्याचं पाहा. रानातून तो पार नाहीसा झाला होता. उरला तो फक्त अशा संग्रहालयांत. तिथं पैदास करून 1992 पासून त्याला पुन्हा मायभूमीत सोडलं गेलं. आपल्याकडंही 1992 मध्येच केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. त्याच्या मान्यतेशिवाय आज प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही.

नागपूरजवळच्या गोरेवाड्यात तर आधी बचाव केंद्र आलं, सफारी 2021 मध्ये. विहिरीत पडलेला किंवा जखमी झालेला बिबट्या अशाच केंद्रात आणतात. त्याला सुई टोचायची कशी? पिंजऱ्याची एक भिंत सरकती असते. ती हळूहळू पुढं आणली की जनावर कडेला दबतं, आणि डॉक्टर गजांतून काम उरकतात.

आणि हो, बऱ्याच संग्रहालयांत वाघ-बिबट्यांना आठवड्यातून एक दिवस मांस देत नाहीत. रानात रोज कुठं शिकार मिळते? घरच्या एकादशीला निदान साबुदाणा तरी असतो. वाघाला फक्त पाणी.