घरचा ठेवा आणि त्याची पेटी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेच्या सभागृहात उभे राहून बोलण्याची संधी चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मला दिलेला विषय 'संगणक आणि आपले घर' असा आहे. हा विषय फार विस्तृत आहे. वीस मिनिटांत त्याला न्याय देणे मला शक्य नाही. म्हणून त्यातील एकच लहानसा भाग मी निवडला आहे. घरातील फोटो, ध्वनिफिती, लग्नाच्या चित्रफिती आणि चित्रपट एके ठिकाणी साठविणारा व घरातील टीव्हीवर किंवा मोबाइलवर हवे तेव्हा दाखविणारा एक संगणक घरीच बांधावयाचा झाल्यास त्याचे भाग कसे निवडावेत, एवढेच मी आज सांगणार आहे. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात.

हा विषय निवडण्यास एक खासगी कारण आहे. आपल्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष आखातात किंवा जहाजावर नोकरीस गेले. माझे वडीलही कुवेतला होते. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे ती टेपरेकॉर्डरसमोर बसून बोले आणि ती कॅसेट गावच्या कोणा जाणाऱ्याबरोबर कुवेतला जाई. आंब्याला मोहोर किती आला, गाय व्याली की नाही, कोणाचे लग्न जमले, सारे त्यात असे. वडिलांनी त्या तीस कॅसेटी जपून परत आणल्या. २०१८ साली मी त्या संगणकावर उतरविल्या आणि काम झाले असे समजून मूळ कॅसेटी टाकून दिल्या. २०१९ च्या पावसाळ्यात एका रात्री विजेचा दाब वरखाली झाला आणि सकाळी हार्ड डिस्क सुरू होईना. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. पुण्याच्या माझ्या बहिणीने हट्टाने चार कॅसेटींची नक्कल मागून घेतली होती, तेवढीच आज आमच्याकडे आहे. आजीचा उरलेला आवाज गेला तो गेलाच.

मंडळी, तो संगणक काही हलका नव्हता. प्रोसेसर उत्तम होता, मेमरी भरपूर होती, पेटीला रंगीत दिवेही होते. हार्ड डिस्क मात्र जुन्या संगणकातून काढलेली, एकुलती एक. पैसा होता, तो चुकीच्या ठिकाणी गेला. म्हणून माझे सांगणे असे की, दुकानात गेल्यावर आपणास ज्या क्रमाने प्रश्न विचारतात, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने विचार करावा. प्रोसेसर शेवटी, डिस्क आणि वीज आधी.

त्याहीपूर्वी मोजमाप करावे. तासाभराची कॅसेट मूळ गुणवत्तेत, काहीही न दाबता उतरविली तर सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. तीस कॅसेटी म्हणजे १९ गिगाबाइट. व्हीएचएस चित्रफीत डीव्ही पद्धतीने उतरविल्यास तासाला सुमारे १३ गिगाबाइट लागतात, म्हणजे तीन तासांच्या दहा फितींना ३९० गिगाबाइट. मोबाइलवरील फोटो सरासरी ४ मेगाबाइटचा धरला तर वीस हजार फोटोंना ८० गिगाबाइट. बेरीज ५०० गिगाबाइटच्या आतच येते! यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. जे पुन्हा मिळणार नाही ते थोडे असते. जागा खातात ते चित्रपट, आणि ते तर पुन्हा मिळू शकतात. तेव्हा आपला खरा ठेवा जपणे वाटते तितके खर्चाचे नाही. सामान्य घराला ४ टेराबाइटची डिस्क पुष्कळ झाली. ती लावल्यावर संगणक ३.६ टेराबाइटच दाखवितो, म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कारखानदार १००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक.

आता डिस्ककडे वळू. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिला हार्ड डिस्क संच बाजारात आणला, तेव्हा त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. परंतु तत्त्व तेच आहे: फिरती तबकडी आणि तिच्यावरून तरंगत जाणारे चुंबकीय डोके. फिरणारी वस्तू कधीतरी झिजणार, हे धरूनच चालावे.

डिस्क घेताना 'सीएमआर' की 'एसएमआर' हे अवश्य विचारावे. पहिल्या प्रकारात लिखाणाच्या रेघा शेजारीशेजारी, सुट्या असतात. दुसऱ्या प्रकारात त्या आपल्या घराच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर थोड्या चढविलेल्या असतात. त्यामुळे जागा वाचते. परंतु मधले एक कौल बदलावयाचे झाले तर शेजारची उचलावी लागतात, तद्वत मधली एक रेघ बदलताना पुढच्या रेघाही पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा लिहून कपाटात ठेवावयाच्या नकलेला एसएमआर चालते. जोडीने सतत चालणाऱ्या डिस्कांसाठी नको. सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्का न सांगता या प्रकारच्या निघाल्या, असे २०२० साली उघडकीस आले होते. म्हणून वेष्टनावरील नावावर न जाता कंपनीने दिलेला तपशील पाहावा.

अधिक वेगाने फिरणाऱ्या डिस्कचा मोह धरू नये. घरातील सामान्य जाळे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट वाहून नेते. आजची संथ डिस्कही मोठी फाइल सलग वाचताना बहुधा त्याच्या पुढे जाते. नळ अर्ध्या इंचाचा असताना टाकी मोठ्या तोंडाची घेऊन पाणी जास्त येत नाही. वेग हवा असेल तर टीव्ही आणि सर्व्हर तारेने जोडावेत. 'कॅट ५ई' जातीची साधी तार १०० मीटरपर्यंत हे काम चोख करते.

डिस्का दोन घ्याव्यात. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी काम चालू राहील अशी रचना त्यांनी त्यात सांगितली. तिला 'रेड' म्हणतात. तिच्यातील सर्वांत साधा प्रकार म्हणजे जे पहिल्या डिस्कवर लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. घराला हा प्रकार पुरे आहे. परंतु येथेच अनेकजण फसतात. हा आरसा आहे, नक्कल नव्हे. आपण चुकून एखादी फाइल पुसली तर ती आरशातूनही पुसली जाते. वीज कोसळली, चोरी झाली, पुराचे पाणी शिरले, तर दोन्ही डिस्का एकाच पेटीत असतात. म्हणून तिसरी डिस्क निराळी घ्यावी, तिच्यावर ठेव्याची नक्कल करावी आणि ती दुसऱ्या गावी, नात्यातल्या घरी ठेवावी. माझ्या बहिणीने नकळत तेच केले होते. कंपनीची हमी असते, हे खरे; पण हमीत नवी डिस्क मिळते, त्यावरचा आवाज मिळत नाही.

यानंतर वीज. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचा खर्च खरेदीबरोबर संपत नाही. १०० वॅट घेणारा जुना संगणक वर्षभर चालू ठेवला तर ८७६ युनिटे जळतात. ३० वॅट घेणारा २६३ युनिटांत भागवितो. हा सहाशे युनिटांचा फरक आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावा, म्हणजे स्वस्त कोणते आणि महाग कोणते ते आपोआप कळेल. संगणकाच्या आतला वीजपुरवठा संच नावाजलेल्या कंपनीचा असावा. प्रत्येक मोठी डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेतून क्षणभर सुमारे २ अँपिअर प्रवाह ओढते. हलका संच तेथेच डगमगतो. आणि यूपीएस घेतल्यावाचून सर्व्हर सुरूच करू नये. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांना ठीक. वीज गेल्यावर तो बदल करतो त्या निमिषात कित्येकदा संगणक बंद पडतो. यूपीएस यूएसबी तारेने सर्व्हरला जोडता येईल असा पाहावा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःच शिस्तीत बंद होतो. भिंतीतील अर्थिंग खरोखर आहे काय, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे. मी ते केले नव्हते.

आता प्रोसेसर. फाइल साठविणे आणि जशीच्या तशी पाठविणे यास फारशी ताकद लागत नाही. ताकद लागते ती एका पद्धतीचे चित्र दुसऱ्या पद्धतीत चालता चालता बदलून देताना. जुन्या टीव्हीला नवी पद्धत समजत नसली की हे करावे लागते. त्यासाठी इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत २०११ पासून एक खास विभाग असतो आणि तो हे काम थोड्या विजेत उरकतो. मात्र ज्यांच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असते त्यांत चित्राचा विभाग नसतो, म्हणून ही सोयही नसते. ते या कामी घेऊ नयेत. २०२३ च्या आरंभी आलेला 'एन१००' हा चार गाभ्यांचा, ६ वॅट श्रेणीचा लहान प्रोसेसर सामान्य घराचे काम सहज करतो. मेमरी ८ गिगाबाइट पुरे. चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी उत्तमच, परंतु तिला प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोहोंची साथ लागते. ती नसेल तर अडून बसू नये; तो पैसा तिसऱ्या डिस्ककडे वळवावा.

मदरबोर्ड घेताना साटा जोडण्या किती आहेत ते मोजावे. काही बोर्डांवर एम.२ जागा वापरली की एक साटा जोडणी बंद पडते. ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. आज्ञावली ठेवण्यास एक लहान एसएसडी घ्यावी. परंतु एसएसडी किंवा पेनड्राइव्ह भरून वर्षानुवर्षे विजेशिवाय कपाटात ठेवणे धोक्याचे, कारण त्यातील विद्युतभार हळूहळू झिरपतो. पेटी साधी, हवेशीर आणि डिस्कांसमोर पंखा असलेली असावी. डिस्कांचे तापमान ४० अंशांच्या आसपास राहिले तर चांगले. आपल्याकडील दमट, खाऱ्या हवेत पेटी जमिनीवर किंवा ओल धरणाऱ्या भिंतीलगत ठेवू नये. बंद कपाटात तर मुळीच नको.

विद्यार्थी मित्रांना वाटेल, एवढा पैसा आणावयाचा कोठून? मित्रहो, कचेऱ्यांतून काढून टाकलेला चार-सहा वर्षांपूर्वीचा लहान संगणकही ह्या कामाला चालतो. फक्त डिस्का नव्या घ्या आणि तो वीज किती घेतो ते मोजून पाहा. ओपनमीडियाव्हॉल्ट आणि २०१८ साली सुरू झालेली जेलीफिन ह्या आज्ञावली मोफत मिळतात. त्या बसविताना जे शिक्षण होते, ते पुस्तकातून होत नाही.

शेवटी एक विनंती. व्हीसीआर बनविणाऱ्या शेवटच्या ज्ञात कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली त्याचे उत्पादन थांबविले. जुनी यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत आणि आपल्या पावसाळ्यात फितींना बुरशी चढते आहे. आपल्या माळ्यावरच्या पेटीत अशा कॅसेटी असतील तर त्या या वर्षीच उतरवून घ्या. ज्या वडीलधाऱ्यांना हे जमत नाही त्यांना ह्या सभागृहातील मुलांनी मदत करावी. उतरविल्यावर मूळ फीत फेकू नका. नक्कल दुसऱ्या घरी ठेवा आणि वर्षातून दोनदा ती उघडून, ऐकून पाहा. न तपासलेली नक्कल म्हणजे नसलेली नक्कल होय.

आजीच्या उरलेल्या चार कॅसेटी आता तीन गावांत आहेत. माझ्या मुलीने तिला पाहिलेले नाही, पण आवाज ओळखते.