औषध म्हणतो ते विष
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं सार्वजनिक आरोग्यात काम केलंस, त्यातलं आपल्या गावाच्या उपयोगाचं काहीतरी बोल." म्हणून आज फवारणीबद्दल बोलतो. असोद्याचं नाव भरिताच्या वांग्यांनी आणि बहिणाबाईंच्या माहेरपणानं सगळीकडे पोचलं आहे. पण आपल्या शिवाराचा बराचसा संसार कापूस आणि केळीवर चालतो. आणि कापूस म्हटला की फवारणी आलीच.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय घडलं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. कारणं अनेक सांगितली गेली. त्या साली कापूस डोक्याच्या वर गेला होता, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. बोंडअळीच्या धास्तीनं फवारण्या वाढल्या होत्या. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली जात होती. मला यातलं एकही कारण आपल्याला परकं वाटत नाही. कापूस तोच, अळी तीच, पंपही तेच.

आपल्या बोलण्यात एक गंमत आहे. आपण त्याला 'औषध' म्हणतो. पिकाला ते औषध असेल, पाठीवर पंप घेणाऱ्याला ते विष आहे. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पिवळा म्हणजे सौम्य, अशी समजूत मी पुष्कळ ठिकाणी ऐकली. तसं नाही. पिवळा हा लालच्या खालोखाल, जास्त विषारी गटाचा रंग. निळा मध्यम आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी.

दुसरी समजूत अशी, की विष तोंडातून गेलं तरच बाधतं. फवारणाऱ्याच्या अंगात ते मुख्यतः कातडीतून जातं. गळका पंप, भिजलेली पाठ, उघडे पाय. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं आपल्या मज्जातंतूंचं काम नीट चालवणारं कोलिनएस्टरेज नावाचं द्रव्य निकामी करतात. मग घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, स्नायूंचं फडफडणं आणि शेवटी श्वास अडखळणं. हे द्रव्य भरून यायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून लागोपाठ फवारण्या करणाऱ्याला पहिल्या दिवशी काही होत नाही, पण आठव्या दिवशी थोडक्यात झेपत नाही.

आता आपल्या खानदेशाची खास अडचण. भाद्रपद-आश्विनातलं ऊन अंगाची लाही करतं. त्या उन्हात प्लॅस्टिकचा कोट, मास्क, चष्मा घालून दिवसभर फवारा, असं सांगणारा बहुधा कधी शेतात उभा राहिलेला नसतो. माणूस तासाभरात कोट काढून फेकतो आणि मग आपण म्हणतो, चूक त्याचीच. शिवाय चक्कर, घाम, मळमळ ही लक्षणं "ऊन लागलं" म्हणून सोडून दिली जातात. सालदार घरी जाऊन झोपतो आणि मोलाचे तास निघून जातात.

म्हणून आमच्या शास्त्रात क्रम ठरलेला आहे: आधी विषच बदला, मग कामाची पद्धत बदला, कोट आणि मास्क सगळ्यात शेवटी. श्रीलंकेनं 1990 च्या दशकात मोनोक्रोटोफॉससारखी अतिविषारी कीटकनाशकं बंद केली. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कॅलिफोर्नियात 1974 पासून अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासतात. कमी झालं, की त्याला त्या कामावरून काही काळ बाजूला ठेवतात.

मित्रहो, आपल्यात कुणी बागाईतदार आहे, कुणाचं कृषी केंद्र आहे, कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर. प्रत्येकाकडे माझं एकेक मागणं आहे. शेतमालकांनी फवारणी सकाळच्या गारव्यात, वाऱ्याकडे पाठ करून करायला लावावी, एकाच माणसाला रोज जुंपू नये आणि बांधावर साबण-पाणी ठेवावं. दुकानदारांनी लाल-पिवळ्या त्रिकोणाला हिरवा किंवा निळा पर्याय असेल तर तो आधी दाखवावा. शिक्षकांनी त्या चार रंगांचा अर्थ पोरांना शिकवावा. डब्यावरचं वाचून बापाला सांगणारं घरात तेच असतं. आणि कुणाला बाधलंच, तर कपडे काढून साबणानं अंग धुवा, 108 ला फोन करा आणि डबा सोबत न्या. उतारा कोणता द्यायचा ते डॉक्टरला त्यावरून कळतं.

आज आपण शाळेसाठी निधी जमवतो आहोत. त्यातला थोडा भाग हंगामाआधी गावातल्या फवारणी करणाऱ्यांच्या रक्ततपासणीसाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. हंगाम संपता संपता पुन्हा तपासलं, म्हणजे फरक कळेल. त्यांतले काही आपल्याच बाकावर बसलेले होते; सातवीनंतर शाळा सुटली म्हणून आजच्या यादीत त्यांची नावं नाहीत, एवढंच.