दाराबाहेरचा दिवा



कापसाच्या आणि चांदीच्या या बाजारपेठेत आज आम्ही बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांविषयी बोलणार आहोत. विषय आहे नाताळात घर सजविण्याचा. आणि उदाहरण घेणार आहोत दूरच्या फिलिपाईन्स बेटांचे.

परंतु सुरुवात घरापासून करू. ‘नाताळ’ हा शब्द आपण मराठीच समजतो. तो आला पोर्तुगीज ‘नाताल’, म्हणजे जन्म, यावरून. वसईतली पोर्तुगीजांची सत्ता 1739 साली चिमाजी अप्पांनी संपविली. शब्द मात्र राहिला आणि सणही राहिला. वसईचे ख्रिस्ती बांधव मराठीच बोलतात. त्यांच्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. तिथे आणि गोव्यात नाताळात घरावर चांदणी टांगतात आणि येशूजन्माचा गोठा मांडतात. असा देखावा संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्चो गावी मांडला होता. गोव्यात कित्येक घरी गोठ्याभोवती हिरवे शेत दिसावे म्हणून आधीपासून धान्य रुजत घालतात. नवरात्रात घटाभोवती धान्य पेरणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे निराळे सांगायला नको.

आता फिलिपाईन्सकडे वळू. तेथे 1565 पासून 1898 पर्यंत स्पेनचे राज्य होते. धर्म स्पेनकडून आला, पण सजावट लोकांनी आपल्या हाताने घडविली. तिचा मुख्य अलंकार म्हणजे ‘पारोल’. स्पॅनिश ‘फारोल’ म्हणजे कंदील. त्याचेच हे रूप. बांबूच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी, तिच्यावर पातळ रंगीत कागद, खाली दोन झिरमिळ्या आणि आत दिवा. 16 डिसेंबरपासून नऊ दिवस तेथे पहाटेपूर्वी प्रार्थना असते. शेतकऱ्याला उजाडताच शेतावर जायचे असे, म्हणून ही वेळ. वाटेवर दिवे नव्हते, तेव्हा लोक कंदील घेऊन देवळाकडे निघत. म्हणजे आज जी शोभा वाटते, ती एके काळी गरज होती.

आपल्या आकाशकंदिलाची घडण हीच नव्हे काय? त्याच कामट्या, तोच कागद, तीच खळ. ‘आकाश’ संस्कृत, ‘कंदील’ अरबीतून आलेला, आणि अरबांनीही तो लॅटिन ‘कांदेला’वरून घेतला. कोणताही सण सर्वस्वी आपल्याच मालाने सजविला आहे असे म्हणणाऱ्याने एवढा एक शब्द उलगडून पाहावा!

आणखी एक साम्य. फिलिपाईन्समधील कापिझ प्रांताच्या नावाने ओळखले जाणारे पातळ, दुधी शिंपले घासूनपुसून आज तेथे पारोल बनवितात. त्याच जातीचे शिंपले गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसविलेले दिसतात. काच स्वस्त झाली आणि गोव्यात ती कला मागे पडली. तिकडे तिला दिव्यात जागा मिळाली.

असे का व्हावे? याचे उत्तर पाम्पांगा प्रांतातील सान फर्नांदो शहर देते. तेथे दर डिसेंबरात वस्त्यावस्त्यांत कंदिलांची चढाओढ लागते. एकेक कंदील सुमारे वीस फूट व्यासाचा आणि त्यात हजारो दिवे! ते नाचविण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. लोखंडी पिंपे फिरवितात. त्यांना केसांच्या पिना टेकलेल्या असतात. पिंपावर जेथे चिकटपट्टी लावलेली, तेथे वीज तुटते. जेथे पत्रा उघडा, तेथे दिवा लागतो. वाद्यांच्या तालावर ही पिंपे फिरतात आणि रंग फुलतात. ही विद्या पोरे वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकतात. वस्तीची अब्रू त्या कंदिलात असते, म्हणून कारागिराला मान आहे. आणि मान आहे म्हणून कारागीर आहे.

आपल्याकडे काय चालले आहे? दिवाळीच्या आधी बाजारातून घडीचा कंदील आणावा, विजेची माळ सोडावी आणि मोकळे व्हावे. कोणी यंत्राला दोष देईल. आम्हांस तो पटत नाही. सान फर्नांदोने वीजही घेतली आणि हातही राखला. आपण घरातल्या मुलांच्या हातचे काम काढून घेतले, हे खरे दुखणे आहे. ज्या सणात मुलाचे बोट खळीने चिकट झाले नाही, तो सण त्याच्या आठवणीत कितीसा राहणार?

हे शहर कोजागिरीपासून मोठ्या देवीचा उत्सव एकदिलाने करते. मग दिवाळीत गल्लोगल्ली घरी केलेल्या कंदिलांची चढाओढ येथे का होऊ नये? अट एकच असावी: कामट्या घरच्यांनी बांधलेल्या असाव्यात. आणि डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती घरी चांदणी चढत असेल, तर आपल्या मुलांनी दोरी धरायला जावे. दिवा दाराच्या आत लावला तर तो घरच्यांपुरता असतो. दाराबाहेर टांगला की वाटसरूचाही होतो. कंदील बाहेर टांगण्याचा अर्थ आम्हांस एवढाच समजतो.