आझुसा नदीच्या काठी

होन्शू ह्या जपानच्या मुख्य बेटाच्या ऐन कण्यावर नागानो नावाचा प्रांत आहे. त्याला चारी बाजूंनी डोंगर आहेत, समुद्र कोठेच नाही. ह्या प्रांताच्या पश्चिम सीमेवर, हिदा पर्वताच्या उत्तुंग रांगांच्या कुशीत कामिकोची नावाचे एक खोरे आहे. खोरे म्हणावयाचे खरे, पण त्याचा तळच समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंच. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या उंचीची कल्पना येईल. त्या तळावर उभे राहून उत्तरेकडे मान वर केली की होताका पर्वताची शिखरे दिसतात. त्यांतील ओकु-होताका ३,१९० मीटर उंच असून जपानमध्ये उंचीने त्याचा क्रमांक तिसरा लागतो. त्याच्या घळींमध्ये ऐन उन्हाळ्यातही बर्फाच्या पांढऱ्या रेघा शिल्लक असतात.

जपानचा उन्हाळा हा आपल्या वैशाखासारखा कोरडा नव्हे. जूनमध्ये तेथे 'त्सुयू' नावाचा पावसाळा लागतो, तो जुलैच्या मध्यानंतर ओसरतो आणि मग दमट, घामट उकाडा सुरू होतो. तोक्योतील माणसे तेव्हा पंख्याखाली आणि छत्रीखाली दिवस कंठीत असतात. त्याच दिवसांत कामिकोचीला संध्याकाळी अंगावर लोकरीचे काहीतरी घ्यावे लागते. तेव्हा माणसांचा ओघ डोंगरांकडे वळावा ह्यात नवल नाही. ११ ऑगस्ट हा दिवस 'पर्वत दिन' म्हणून २०१६ पासून जपानमध्ये राष्ट्रीय सुटीचा झाला, आणि त्याचा पहिला राष्ट्रीय समारंभ ह्याच खोऱ्यात साजरा करण्यात आला.

तोक्योच्या शिंजुकू स्थानकातून मात्सुमोतोला जाणारी जलद गाडी सुमारे अडीच तासांत पोहोचते. १९६६ पासून त्या गाडीचे नाव आहे 'आझुसा', म्हणजे आपण ज्या नदीला भेटावयास निघालो तिचेच. मात्सुमोतोहून एक लहानशी आगगाडी शिन-शिमाशिमापर्यंत नेते. तेथून पुढे बस. खाजगी मोटार घेऊन येणाऱ्याला मात्र ती वाटेतील सावांदो गावीच ठेवावी लागते. मोटारींवरील ह्या बंदीला १९७५ मध्ये गर्दीच्या दिवसांपुरता आरंभ झाला, आणि १९९६ पासून ती हंगामातील सर्व दिवसांना लागू आहे. कामा नावाच्या चढणीच्या बोगद्यातून बस वर येते. रात्री त्या बोगद्याचे दार बंद होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत तर सारे खोरेच बर्फाखाली बंद असते. हॉटेलांना टाळी लागतात आणि माणसे खाली उतरतात.

बोगद्यापलीकडे पहिले दर्शन घडते ते तायशो तळ्याचे. ह्या तळ्याचे वय कोणासही अचूक सांगता येते. ६ जून १९१५ रोजी, म्हणजे सम्राट तायशोच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी, जवळच्या याके-दाके ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्यातून लोटलेल्या चिखलाने आणि दगडधोंड्यांनी आझुसा नदीची वाट अडवली. पाणी फुगत गेले आणि काठावरचे उभे जंगल त्यात बुडाले. ती झाडे मेली, पण पडली नाहीत. निळ्याहिरव्या पाण्यातून वर आलेले ते करडे, फांद्या झडलेले बुंधे आणि त्यांच्या मागे होताकाचे उलटे प्रतिबिंब हे चित्र जपानमधील घराघरांत पोहोचले. पहाटे, वारा सुटण्यापूर्वी, पाण्यावर धुके तरंगत असताना छायाचित्रकारांची रांग काठाशी उभी असते ती ह्याच चित्रासाठी.

ते चित्र आता विरळ होत चालले आहे. बुंधे कुजून एकेक पडले. आज मोजकेच उरले आहेत. ज्वालामुखीच्या उतारावरून प्रत्येक पावसात वाळू आणि गोटे वाहून येतात, त्यामुळे तळेही भरत चालले आहे. त्याचे पाणी खालच्या वीजनिर्मितीकेंद्राकडे नेले जात असल्यामुळे वीज कंपनी दरवर्षी, प्रवासी गेल्यानंतर, तळातील गाळ उपसते. म्हणजे जे दृश्य 'अस्पर्श निसर्ग' म्हणून पाहण्यास लोक येतात, ते काही अंशी यंत्राने राखलेले आहे. एका स्फोटाने दिलेले तळे दुसऱ्या पुराने न्यावे, हा निसर्गाचा हिशेब; पण मनुष्याचा जीव एकदा त्या तळ्यावर जडला की तो हिशेब त्याला मान्य होत नाही.

वास्तविक ह्या खोऱ्याने असले व्यवहार पूर्वीही पाहिले आहेत. आज पूर्वेकडे मात्सुमोतोच्या बाजूस उतरणारी ही नदी एकेकाळी पश्चिमेकडे, हिदा प्रदेशात वाहत होती. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी याके-दाकेच्या परिसरातील ज्वालामुखीने तिची ती वाट बुजवली. पाणी तुंबून मोठा जलाशय झाला, तो हजारो वर्षे टिकला आणि हळूहळू गाळाने भरला. इतक्या उंच पर्वतांमध्ये इतके सपाट मैदान कसे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या गाळात आहे. पुढे नदीने पूर्वेचा मार्ग काढला. आज आझुसाचे पाणी साय आणि चिकुमा ह्या नद्यांच्या द्वारे शिनानो ह्या जपानच्या सर्वांत लांब नदीला मिळते आणि ३६७ किलोमीटर लांबीचा तो प्रवाह जपानच्या समुद्राला जाऊन भेटतो.

तायशो तळ्यापासून कप्पा पुलापर्यंतची वाट पायी तासाभराची. भूर्ज आणि लार्च वृक्षांच्या सावलीतून, पाणथळ जागी फळ्यांच्या मार्गावरून ती जाते. ताशिरो येथील पाणथळीत शेवाळाचे थर साचलेले आहेत. तेथे फळ्यांवरून पाय खाली टाकण्यास मनाई आहे, आणि ती रास्तच आहे. कारण एका पावलाने चेपलेली जागा पुन्हा भरून येण्यास वर्षे लागतात. जूनमध्ये कोनाशी नावाच्या रानसफरचंदाच्या झाडांना पांढरा बहर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये फुले कमी आणि हिरवाई दाट. पाणी इतके निवळ की तळचे गोटे मोजावेत आणि प्रवाहाच्या विरुद्ध स्थिर उभे असलेले मासे पाहावेत. येथे मासेमारी बंद आहे. दुर्दैवाने त्या माशांत बाहेरून आणून सोडलेले ट्राउट पुष्कळ असून मूळच्या 'इवाना' माशाला त्यांनी मागे रेटले आहे.

कप्पा हा जपानी लोककथांतला जलपिशाच्च. त्याच्या डोक्यावर पाण्याची वाटी असते आणि ती सांडली की त्याचे बळ जाते. प्रसिद्ध कथाकार आकुतागावा ह्यांनी १९२७ मध्ये 'कप्पा' नावाची औपरोधिक दीर्घकथा लिहिली. तिच्यातील नायकाला हा प्राणी भेटतो तो ह्याच खोऱ्यातून होताकाकडे जाताना. पूल लाकडी, झुलता, सुमारे ३६ मीटर लांब. सुटीच्या दिवशी त्यावर इतकी माणसे उभी असतात की कप्पाने दर्शन द्यावयाचे ठरवले तरी त्यास जागा मिळू नये.

पुलापासून थोड्या अंतरावर एका खडकात वॉल्टर वेस्टन ह्या इंग्रज धर्मोपदेशकाची प्रतिमा बसवलेली आहे. १८८८ मध्ये अँग्लिकन मिशनचे काम करण्यास ते जपानमध्ये आले, आणि पर्वतांच्या ओढीने ह्या भागात वारंवार येऊ लागले. 'जपानी आल्प्स' हे नाव त्यांचे नव्हे. ते विल्यम गौलंड ह्या दुसऱ्या इंग्रजाने आधीच योजले होते. ते जगाला परिचित झाले मात्र वेस्टन ह्यांच्या १८९६ मधील ग्रंथाने. त्यांचा वाटाड्या होता कामिजो कामोंजी, ह्या खोऱ्यात शिकार आणि मासेमारी करून राहणारा. १८९३ मध्ये दोघे माए-होताका चढले. सर्वच डोंगरकऱ्यांनी मात्र वेस्टन ह्यांचे असे स्वागत केले नाही. कासा-गाताके ह्या शिखरासाठी पलीकडच्या गामादा गावात गेले असता, परकी माणसे वर गेल्यास पर्वतदेव कोपेल आणि पावसावर संकट येईल, अशा भयाने गावकऱ्यांनी वाटाड्या देण्यास नकार दिला. दोनदा परत फिरून १८९४ मध्ये ते शिखर त्यांना साधले. ह्या गावकऱ्यांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे पीक पावसावर, त्याला डोंगर हे केवळ पाहण्याचे स्थळ कधीच नसते. १९३७ मध्ये बसवलेली वेस्टन ह्यांची प्रतिमा महायुद्धाच्या काळात, इंग्रज शत्रू ठरल्यामुळे, काढून ठेवण्यात आली. १९४७ मध्ये ती पुन्हा जागेवर आली. आता दर जूनच्या पहिल्या रविवारी तेथे त्यांचे स्मरण होते.

नदीकाठाने आणखी तासभर वर गेले की म्योजिन तळे लागते. हे होताका देवस्थानाचे अंतरस्थान आहे, आणि दर ८ ऑक्टोबरला तळ्यात नौकांचा उत्सव होतो. कामिकोची हे नाव आज 'वरची उंच भूमी' अशा अर्थाच्या चित्रलिपीने लिहितात. जुन्या लिखाणात मात्र त्याच उच्चारात 'देव' हे अक्षर आढळते. जवळच कामोंजीच्या वंशजांनी चालवलेली झोपडीवजा खानावळ आहे. चुलाण्याभोवती काड्यांना टोचलेले, मीठ लावलेले इवाना मासे सावकाश भाजत असतात, आणि वेस्टन ह्यांनी दिलेली बर्फकुऱ्हाड भिंतीवर टांगलेली आहे.

ह्या वाटेवर माकडांची टोळी हमखास भेटते. ती माणसांना भीत नाहीत, हीच चिंतेची गोष्ट आहे. खाणे देण्यास कडक मनाई आहे; कचऱ्याच्या पेट्या नाहीत आणि ज्याचा कचरा त्याने परत न्यावा असा रिवाज आहे. हा नियम केवळ स्वच्छतेचा नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये कोनाशिदायरा येथील तंबूंच्या मैदानात एका अस्वलाने रात्री तंबू फाडला आणि आत निजलेली स्त्री जखमी झाली. अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक एकदा लागली की ते पुन्हा तेथेच येते आणि मग बहुधा त्याला जीव गमवावा लागतो.

तथापि कामिकोचीचा खरा प्रश्न अस्वलांचा नाही, नदीचा आहे. काठावर केशो-यानागी नावाचा वाळुंजाच्या कुळातला वृक्ष उभा आहे. 'केशो' म्हणजे प्रसाधन. त्याच्या कोवळ्या फांद्यांवर पांढरी भुकटी असते, म्हणून हे नाव. होक्काइदो सोडल्यास जपानमध्ये तो फार थोड्या ठिकाणी आढळतो. त्याचे बी रुजते ते पुराने नुकत्याच टाकलेल्या उघड्या वाळूगोट्यांवर. जुन्या वनाच्या सावलीत ते उगवत नाही. म्हणजे नदीने दर काही वर्षांनी पात्र बदलले पाहिजे, जुने रान मोडून नवी वाळू पसरली पाहिजे. पण नदी पात्र बदलू लागली तर हॉटेले, पूल आणि रस्ता बुडतील. म्हणून काठांना बांध घातले आहेत. बांधांमुळे नदी एकाच पात्रात राहते, आणलेले गोटे तेथेच टाकते, पात्र वर येते, आणि बांध आणखी उंच करावे लागतात. जुने केशो-यानागी बांधाआड डौलाने उभे आहेत, पण त्यांच्या पायाशी पोरे नाहीत. हे खोरे १९३४ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे आणि त्याला विशेष निसर्गस्मारकाचा दर्जा आहे. तरीही ही कोंडी सुटलेली नाही, कारण दोन्ही बाजूंस राखण्यासारखे काहीतरी आहे.

म्योजिनहून तासाभरावर तोकुसावा. १९३४ पर्यंत येथे गुरे-घोडी चरत. त्या कुरणाचे हिरवे मैदान अजून आहे. आणखी तासभर चालले म्हणजे योको. तेथे सपाट वाट संपते, आणि यारी व होताका चढणारे गिर्यारोहक पाठीवरची ओझी आवळून पुढे जातात. साधा प्रवासी तेथूनच मागे वळतो. वळताना त्याने पात्रात जरूर डोकवावे. ह्या वरच्या भागात बांध कमी आहेत, प्रवाह तीन-चार धारांत फुटून वाहतो, आणि गोट्यांच्या बेटांवर गुडघाभर उंचीची केशो-यानागीची रोपे दिसतात. परतीची वाट तीन तासांची आहे. शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवावी.